विश्लेषण : घटस्फोटित पालकांच्या भेटीला मुले नकार देऊ शकतात का? अठराच्या आधी स्वतंत्र राहता येते का?

दहावीचे वर्ष आहे. क्लासचा सराव पेपर शनिवारी दुपारी असतो आणि न्यायालयाने ठरवून दिलेली वडिलांच्या भेटीची वेळही दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दुपारचीच आहे. आदेश झाला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. बागेत झोका मिळतो म्हणून आनंदाने जायची. आता तिला सोळावे लागले आहे आणि तिला जायचे नाही. कारण विचारले तर ती गप्प बसते. आई म्हणते, ‘तू गेली नाहीस तर कोर्ट मलाच बोलेल.’ वडील म्हणतात, ‘हिला आईनेच शिकवलंय.’ दोघांचेही वकील आहेत. मुलीचा वकील कोणीच नाही.

हे चित्र आता तालुक्याच्या गावीही अनोळखी राहिलेले नाही. मुलांच्या हातात मोबाइल असल्याने उत्तर ती स्वतःच शोधतात. मग अमेरिकी मालिकांतला ‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द त्यांना सापडतो. अठरा पूर्ण होण्याआधीच न्यायालयाकडून आई-वडिलांपासून कायदेशीर मोकळीक मिळवायची, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे तसे काही आहे का? आणि भेटीला नकार देता येतो का?

भेटीचा हक्क नेमका कोणाचा?

पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयांत सगळे जण ज्याला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात, तो मुलाचा ताबा नसलेल्या पालकाचा मुलाला भेटण्याचा हक्क. कागदोपत्री तो पालकाचा हक्क दिसतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात (भारत डिसेंबर १९९२ मध्ये त्यात सामील झाला) दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि तो मुलाच्या हिताविरुद्ध असेल तर अपवादही तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘यशिता साहू’ प्रकरणात (२०२०) याच धाग्याने सांगितले, की मुलाला आई-वडील दोघांच्याही सहवासाची गरज असते, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे फोन व व्हिडिओ कॉलवरून संपर्काची सोय न्यायालयांनी करून द्यावी.

त्यामुळे उलट बाजूची तक्रारही तितकीच खरी ठरते. वडिलांना किंवा आईला भेटायची मुलाची इच्छा असेल आणि ज्याच्याकडे ताबा आहे तो पालक दर वेळी ताप, पाहुणे, परीक्षा अशी कारणे काढत असेल, तर तोही मुलाच्याच हक्काचा भंग असतो. या बाजूची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

मुलाचे मत कायद्यात कुठे आहे?

आहे, आणि ते जुने आहे. ‘पालक व पाल्य अधिनियम’ १८९० चा. त्याच्या कलम १७ मध्ये म्हटले आहे, की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आणि विशेष विवाह कायद्याचे कलम ३८ यांतही, ताबा, पालनपोषण व शिक्षणाचे आदेश शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत, असे शब्द आहेत.

‘विचारात घेऊ शकते’ आणि ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द नीट वाचायला हवेत. मुलाचे मत हा एक घटक आहे. निर्णायक कसोटी असते ती मुलाच्या हिताची, आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या (१९५६) कलम १३ मध्ये हेच हित सर्वोपरी मानले आहे. म्हणजे मुलाने ‘नाही’ म्हटले की विषय संपत नाही; पण ते ‘नाही’ ऐकलेच नाही, तर निकाल कच्चा राहतो. ‘नील रतन कुंडू’ प्रकरणात (२००८) नेमके हेच घडले. आईच्या मृत्यूनंतर मुलगा आजी-आजोबांकडे होता, वडिलांवर त्या मृत्यूबाबत खटला होता, तरीही खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने मुलाशी स्वतः बोलून ते आदेश रद्द केले आणि मुलाची इच्छा जाणून न घेणे ही चूक असल्याचे नोंदवले.

किती वर्षांच्या मुलाचे ऐकतात?

वयाचा आकडा कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात चौदा वर्षांचे मूल कोणाकडे राहायचे ते निवडू शकते आणि न्यायालयाला ते हिताविरुद्ध वाटले तरच नाकारता येते. कॅलिफोर्नियात चौदा पूर्ण केलेल्या मुलाला बोलायचे असेल, तर तसे करणे त्याच्या हिताविरुद्ध नसल्यास न्यायालयाला त्याचे ऐकावेच लागते. आपल्याकडे हे न्यायाधीशांवर सोपवलेले आहे. ‘शीला दास’ प्रकरणात (२००६) सुमारे बारा वर्षांच्या मुलीने वडिलांकडे राहण्याची इच्छा ठामपणे सांगितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. ‘मौसमी गांगुली’ प्रकरणात (२००८) मुलगा दहाच्या आसपासचा होता, त्याचेही मत वजनदार ठरले.

पंधरा-सोळाव्या वर्षी हे वजन आणखी वाढते. व्यवहारात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध कुठे पाठवण्यास न्यायाधीश नाखूश असतात, कारण तसा आदेश अमलात कसा आणायचा हा प्रश्न त्यांच्याही समोर असतो. दुसरे एक कारण बोलले जात नाही, पण असते. दावा, अपील, पुन्हा अपील या वाटेवर मूल अठराचे होऊन जाते आणि फाइल आपोआप बंद होते.

नकार दिला तर नेमके काय होते?

भेटीचा आदेश आई-वडिलांना बांधतो. मूल त्या दाव्यात पक्षकार नसते, त्यामुळे ‘भेटीला गेला नाहीस’ म्हणून मुलाला शिक्षा करता येत नाही. पोलिसांनी घरातून उचलून न्यावे असेही सामान्यतः होत नाही. कचाट्यात सापडतो तो ताबा असलेला पालक. भेट झाली नाही, की दुसरी बाजू आदेशाच्या अंमलबजावणीसाठी किंवा अवमानासाठी अर्ज करते. मग त्या पालकाला दाखवावे लागते, की मी मुलाला आणले होते, समजावले होते, अडवले नव्हते.

म्हणून ‘आम्ही यापुढे येणार नाही’ असे परस्पर ठरवून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. चांगला मार्ग आदेश बदलून घेण्याचा. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कधीच दगडावरची रेघ नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘रोझी जेकब’ प्रकरणातच सांगितले आहे, की परिस्थिती बदलली की असे आदेश बदलता येतात. मूल वयाने वाढते हीच मुळात बदललेली परिस्थिती आहे. सात वर्षांच्या मुलीसाठी आखलेले शनिवारचे वेळापत्रक सोळाव्या वर्षी जसेच्या तसे चालावे, असा आग्रह कोणताही शहाणा न्यायाधीश धरणार नाही. पण तसा अर्ज कोणीतरी करावा तर लागतो! अनेक घरांत नऊ-नऊ वर्षे तो कोणी करत नाही. कारण पुन्हा कोर्टाची पायरी नको असते.

अर्जात पूर्ण बंदीच मागायला हवी असे नाही. परीक्षेच्या काळात भेटी थांबवणे, चार तासांऐवजी एक तास, रात्रीच्या मुक्कामाऐवजी दिवसाची भेट, वडिलांच्या नव्या घराऐवजी बाहेर कुठे जेवण, काही महिने फक्त व्हिडिओ कॉल, समुपदेशकाच्या उपस्थितीत न्यायालयाच्या आवारातली भेट असे बरेच मधले पर्याय असतात. पूर्ण नकारापेक्षा असा नेमका बदल मागणाऱ्या मुलाचे म्हणणे गांभीर्याने घेतले जाण्याची शक्यता जास्त.

केरळमधून आलेले एक ताजे प्रकरण इथे सांगण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये एका मुलाचा ताबा वडिलांकडे देण्याचा निर्णय कायम केला होता. त्यानंतर मुलाला तीव्र चिंतेचा त्रास सुरू झाल्याचे मानसोपचार तज्ज्ञांचे अहवाल समोर आले. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकन याचिका मंजूर केली, ताबा आईकडे ठेवला आणि वडिलांना भेटीचे हक्क दिले. मूल तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. देशातल्या सर्वोच्च पायरीवरचा निकालही मुलाच्या मानसिक स्थितीमुळे वर्षभरात फिरू शकतो, हे यातून दिसते.

‘आईनेच शिकवले आहे’ या आरोपाचे काय?

प्रत्येक ताब्याच्या दाव्यात हे वाक्य या ना त्या बाजूने येतेच. कधी ‘वडिलांनीच शिकवले’ असेही येते. एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी पद्धतशीर विष कालवणे याला ‘पॅरेंटल एलिनेशन’ म्हणतात. ‘विवेक सिंग’ प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि मग वकिलांच्या अर्जांत या शब्दांचा सुळसुळाट झाला. मे २०२४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या मुलांच्या ताब्याचा निकाल देताना त्याच न्यायालयाने लगाम ओढला. पढवण्याच्या नेमक्या घटना दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारू नये, असे बजावले.

किशोरवयीन मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. ‘बाबा वाईट आहेत’ हे ऐकून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. ‘गेल्या तीन भेटींत ते आईच्या पगाराबद्दल विचारत राहिले’, ‘दोनदा दारू पिऊन आले’, ‘माझा मोबाइल घेऊन चॅट वाचले’ हे कळते. समुपदेशकाच्या खोलीत मूल स्वतःच्या शब्दांत, अडखळत का होईना, बोलते तेव्हा ते पटते. वकिलाच्या भाषेतली प्रतिज्ञापत्रासारखी वाक्ये पंधरा वर्षांच्या तोंडी आली, की समोरचा अनुभवी माणूस लगेच सावध होतो.

न्यायाधीशांपर्यंत पोहोचायचे कसे?

इथे आपली व्यवस्था खरोखर तोकडी आहे. अज्ञान व्यक्तीला (कायद्याच्या भाषेत अठराखालील सर्व जण ‘अज्ञान’ असतात, हा शब्द कितीही टोचला तरी) स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार तो ‘वादमित्रा’मार्फत लावावा लागतो. वादमित्र म्हणजे मुलाशी हितसंबंधांचा विरोध नसलेली सज्ञान व्यक्ती. मामा, आत्या, आजी, कोणीही. तत्त्वतः भेटीचा आदेश बदलण्यासाठी मूल अशा मार्गाने जाऊ शकते. प्रत्यक्षात असे अर्ज क्वचितच होतात.

रुळलेले मार्ग वेगळे आहेत. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, आणि ताब्याच्या किंवा भेटीच्या प्रकरणात मुलाशी बोलून अहवाल देण्यास न्यायाधीश त्यांना सांगू शकतात. कोणताही पालक ‘न्यायाधीशांनी मुलाशी दालनात एकट्याने बोलावे’ असा अर्ज देऊ शकतो. हे बोलणे आई-वडील आणि वकील यांना बाहेर ठेवून होते. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या (१९८४) कलम १२ नुसार मानसशास्त्रज्ञासारख्या तज्ज्ञाची मदत घेता येते. कलम १३ खाली न्यायालय ‘न्यायमित्र’ म्हणून वकील नेमू शकते. म्हणजे मुलाची बाजू मांडायला माणूस देण्याची सोय आहे. ती वापरण्याची सवय नाही.

ज्या मुलाला घरात कोणावरच भरवसा नाही, त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (१९८७) कलम १२ नुसार प्रत्येक मूल मोफत वकिलास पात्र आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पालकांचा पगार कितीही असो. प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० ही त्याची देशव्यापी मदतवाहिनी आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनाही ही गोष्ट माहीत नसते. शाळेतल्या नागरिकशास्त्रात ती असायला हवी होती.

विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, भेटीचे नियम आणि मुलाच्या पसंतीचे वजन यांबाबत कायदा बदलण्याची सविस्तर शिफारस केली होती. दहा वर्षे उलटली. अहवाल अहवालच राहिला.

भेटीत मारहाण किंवा लैंगिक त्रास होत असेल तर?

मग वेळापत्रक बदलण्याच्या अर्जाची वाट पाहायची नसते. ही वेगळी वाट आहे आणि तिथे कायदा मुलाला थेट दार उघडून देतो. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ३१ मध्ये बाल कल्याण समितीसमोर मुलाला कोण हजर करू शकते याची यादी आहे, आणि त्या यादीत ‘मूल स्वतः’ असेही आहे. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल ज्यांच्यासोबत राहते त्यांनीच त्याला इजा केली, छळले किंवा दुर्लक्षित केले, तर ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ ठरते. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा लक्षात घेऊन समिती त्याला नातेवाईक, योग्य व्यक्ती किंवा संस्थेकडे ठेवू शकते. १०९८ वर फोन केला तरी साखळी सुरू होते. ही सेवा आता सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि आपत्कालीन ११२ शी जोडलेली आहे.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे (२००५) कलम २१ याच संदर्भात महत्त्वाचे. भेट मुलाला हानिकारक ठरेल असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले तर त्यांनी भेट नाकारायचीच आहे. तिथे ‘नाकारू शकतात’ असा सैल शब्द नाही. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पॉक्सो कायदा (२०१२) लागतो. मूल स्वतः तक्रार देऊ शकते आणि ज्याला कळले त्या शिक्षकाला किंवा डॉक्टरलाही ती कळवणे बंधनकारक आहे.

एक सावधगिरी. बाल कल्याण समिती हे ताब्याच्या भांडणाचे दुसरे न्यायालय नव्हे. कौटुंबिक न्यायालयात मनासारखे झाले नाही म्हणून मुलाला समितीपुढे उभे करणारे पालक असतात आणि त्यात खरे पीडित मूल मागे पडते.

मग ‘इमॅन्सिपेशन’ भारतात आहे का?

नाही. भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा आहे आणि त्याने रेघ ओढली आहे ती अठरा वर्षांची. न्यायालयात अर्ज करून ती रेघ सोळावर आणता येत नाही. गंमत म्हणजे पूर्वी ती पुढे ढकलली जायची! ज्याला न्यायालयाने पालक नेमून दिला आहे असे मूल अठराऐवजी एकविसाव्या वर्षी सज्ञान व्हायचे. ही तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने गेली. आता सर्वांना एकच नियम, आणि तोही नेमका : अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच व्यक्ती सज्ञान होते, जन्म रात्री अकराला झालेला असला तरी.

ज्या कॅलिफोर्नियाचे दाखले मुले देतात, तिथली अट काय आहे तेही पाहायला हवे. मूल किमान चौदा वर्षांचे हवे, पालकांच्या संमतीने किंवा त्यांची हरकत नसताना वेगळे राहत असायला हवे, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळत असायला हवे आणि उत्पन्न गैरमार्गाचे नको. टेक्सासमध्ये वय सतरा, वेगळे राहत असल्यास सोळा. शिवाय सुटका दोन्ही बाजूंनी होते. आई-वडिलांची पोसण्याची जबाबदारीही संपते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनी ही किंमत आधी मोजावी. रागाच्या भरात मागायची ही गोष्ट नाही, आणि नको असलेल्या दोन शनिवारांवरचा हा उपाय तर मुळीच नाही.

भारतातले किशोरवयीन मूल मात्र एका चमत्कारिक मधल्या जागेत असते. चौदा पूर्ण झाल्यावर धोकादायक नसलेल्या कामावर ते जाऊ शकते. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. पण भाड्याच्या खोलीचा करार त्याला करता येत नाही, कारण अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ‘मोहरी बीबी’ प्रकरणात घालून दिलेला हा नियम आजही चालतो. कमावता येते, साठवता येते, पण स्वतःच्या नावावर छप्पर घेता येत नाही.

घर सोडून मित्राकडे राहिले तर?

मुलावर गुन्हा नोंदत नाही. मित्राच्या घरच्यांवर मात्र बालंट येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर अठराखालील मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिस प्रथम अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘वरदराजन’ प्रकरणात (१९६५) न्यायालयाने सांगितले होते, की सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची मुलगी स्वतःच्या समजुतीने निघून आली असेल आणि समोरच्याने तिला फूस लावली नसेल, तर ते ‘नेणे’ ठरत नाही. हा बचाव खटल्यात उपयोगी पडतो. मध्यरात्री दारात उभ्या पोलिसांपुढे तो फारसा चालत नाही. म्हणून आसरा देणाऱ्याने त्याच दिवशी पोलिस ठाण्यात किंवा १०९८ वर कळवावे, हे उत्तम.

आजीकडे किंवा मावशीकडे कायमचे राहायचे असेल तर दोन्ही पालकांच्या लेखी संमतीने ते सहज होते. त्यांची संमती नसेल तर अवघड. १८९० च्या कायद्याच्या कलम १९ नुसार आई किंवा वडील हयात असून अयोग्य नसतील, तर न्यायालय सहसा तिसऱ्याला पालक नेमत नाही. अयोग्यता सिद्ध करावी लागते, मुलाची आवड तेवढी पुरत नाही.

भेट बंद झाली तर पोटगी बंद होते का?

होत नाही. मुलाचा निर्वाहखर्च हा मुलाचा हक्क आहे. पूर्वीचे कलम १२५, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० यांत कुठेही ‘मूल भेटत असेल तर’ अशी अट नाही. ‘भेटायला येत नाहीस तर फी भरणार नाही’ ही धमकी कायद्यात बसत नाही. तसेच ‘पैसे दिले नाहीत म्हणून भेट नाही’ हेही बसत नाही.

अठरा पूर्ण झाले की ताब्याचे आणि भेटीचे आदेश संपतात. त्या दिवसापासून कोणाला भेटायचे हे त्या तरुण-तरुणीचे स्वतःचे. खर्चाच्या बाबतीत मात्र मुलगा आणि मुलगी यांत फरक पडतो. हिंदू अविवाहित मुलीला, स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर, अठरानंतरही कलम २० खाली वडिलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘अभिलाषा’ प्रकरणात (२०२०) स्पष्ट केले. मुलासाठी कलम २० अठराव्या वर्षी थांबते. महाविद्यालयाच्या फीची सोय घटस्फोटाच्या संमतीपत्रात आधीच लिहून घेतलेली असली तर बरे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मूल अज्ञान असताना त्याच्या नावावरची जमीन किंवा घर पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकले असेल, तर ती विक्री रद्द करून मागता येते. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत.